कूम, कोंब की कम? एका दरीची चार स्पेलिंगं

पत्र : मी एका इंग्रजी भटकंतीच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करते आहे. लेखक डेव्हनच्या किनाऱ्यावरून पायी निघतो आणि ससेक्सच्या टेकड्या, नॉरफोकची शेतं, वेल्सचे डोंगर, स्कॉटलंड असं करत शेवटच्या प्रकरणात एव्हरेस्टवर पोचतो. एका शब्दाने मला अगदी रडकुंडीला आणलंय. तो कधी सी-ओ-एम-बी-ई असा येतो, कधी त्यात दोन ओ असतात, कधी शेवटचा ई गळतो आणि वेल्समध्ये तर नुसतं सी-डब्ल्यू-एम. कोशात 'लहान दरी' असं सापडलं म्हणून सगळीकडे 'दरी' लिहीत सुटले. मग 'वरच्या शेतातून चाळीस दऱ्या जव निघाला' असं वाक्य माझ्याच हातून कागदावर उतरलं, तेव्हा थांबले. स्कॉटलंडातल्या एका खोलीच्या छतालाही हाच शब्द लावलाय. संपादक म्हणतात, एकच रूप धरा, सरसकट 'कोंब' लिहा आणि पुढे चला. हे चार शब्द आहेत की एकच? उच्चार काय? गावांच्या नावांतला 'कोंब' ठेवायचा की बदलायचा? आणि याला मराठी शब्द आहे का?
— एक अनुवादक, नाशिक

उत्तर :

चाळीस दऱ्या जवापाशी थांबलात ते बरं केलंत. सुरुवात तिथूनच करू, कारण तो गुंता सगळ्यात लवकर सुटतो.

नॉरफोक आणि सफोक या इंग्लंडच्या पूर्वेकडच्या धान्याच्या पट्ट्यात 'कूम' हे धान्याचं माप होतं. एक कूम म्हणजे चार बुशेल, म्हणजेच अर्धा क्वार्टर (ही दोन्ही धान्याची जुनी इंग्रजी मापं). लिटरमध्ये सांगायचं तर साधारण १४५. हे आकारमानाचं माप, त्यामुळे धान्य बदललं की वजन बदलतं. तिकडचा हिशेब असा : गव्हाचा कूम १८ स्टोन, जवाचा १६, ओटचा १२. एक स्टोन म्हणजे १४ पौंड. म्हणजे जवाचा एक कूम २२४ पौंडांचा, सुमारे १०१ किलो ६०० ग्रॅम. तुमच्या लेखकाच्या शेतातून निघालेले चाळीस कूम म्हणजे जवळजवळ बरोबर चाळीस क्विंटल. चार बुशेलचं धान्य एका मोठ्या पोत्यात मावत असे आणि पोत्यानेच मोजलं जाई. म्हणून मराठीत सरळ 'वरच्या शेतातून चाळीस पोती जव निघाला' असं लिहा. वाचकाला पोतं लगेच दिसतं. फक्त पोतं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हल्लीचं पन्नास किलोचं येतं, तेवढ्यापुरती एक तळटीप द्या. 'खंडी' किंवा 'मण' वापरायचा मोह होईल, तो टाळा. मण आपल्याकडेच प्रांतागणिक बदलायचा, त्यात नॉरफोकची भर नको. आणि वाक्यात गहू असेल तर तळटीपेतला आकडा ११४ किलोच्या आसपास धरा, जवाचा तसाच उचलू नका.

हे माप आणि ती दरी, दोन्ही दोन ओ घालून लिहिलेली सापडतात. शब्दाच्या अलीकडे आकडा असेल, पलीकडे धान्य असेल, तर ते माप. डोंगर, ओढा, वाट, मेंढ्या असतील तर दरी. स्पेलिंगवरून ठरवायला जाल तर फसाल. बाकीच्या सगळ्या पत्रालाही थोडंफार हेच उत्तर आहे.

आता दरीकडे. देवनागरीत स्पेलिंगबद्दल बोलायचं म्हणजे तोंडाला फेस येतो, म्हणून सोयीसाठी नावं ठेवू. सी-ओ-एम-बी-ई हा 'एका ओचा'. सी-ओ-ओ-एम-बी-ई हा 'दोन ओचा', आणि त्याचाच शेवटचा ई गळला की 'बांडा'. सी-डब्ल्यू-एम हा 'डब्ल्यूवाला'. पहिले तीन म्हणजे एकच शब्द. जुन्या इंग्रजीत तो 'कुम्ब' होता. पुढे कुणी ओ एकदा लिहिला, कुणी दोनदा, कुणी शेवटी ई जोडला, कुणी नाही. गावोगावच्या कागदपत्रांत जे रूप आधी रुजलं, ते तिथे राहिलं. कोशांतही एकमत नाही : ऑक्सफर्डचा मोठा कोश बांडं रूप मथळ्याला घेतो, अमेरिकी मेरियम-वेबस्टर एका ओचं. जुन्या पुस्तकांत तर शेवटचा ई काढून एका ओचंही लिहिलेलं दिसतं, म्हणजे हुबेहूब कंगव्याचं स्पेलिंग. चौथा डब्ल्यूवाला म्हणजे वेल्श भाषेतला याचाच भाऊ. इंग्रजांनी आपला 'कुम्ब' ब्रिटनच्या मूळच्या केल्टिक बोलीतूनच उचलला. वेल्शमध्ये तो 'कूम' म्हणून जिवंत राहिला आणि नंतर डोंगर चढणाऱ्यांनी आणि भूगोलवाल्यांनी तो वेल्श स्पेलिंगसकट इंग्रजीत दुसऱ्यांदा आणला. एकच शब्द दोन दारांनी घरात आला म्हणा ना.

जुन्या इंग्रजीत 'भांडं' या अर्थाचा शब्दही 'कुम्ब' असाच होता. धान्याचं माप आलं ते त्यातून. मराठी माणसाला इथे 'कुंभ' आठवणारच. आठवू द्या, पण त्यावर तळटीप लिहू नका. कानाला गोड लागणाऱ्या साम्यांवर बांधलेल्या व्युत्पत्त्या अनुवादाला बुडवतात.

उच्चाराचं. यातला 'ब' मुका आहे. कोकराच्या 'लॅम'मध्ये, अंगठ्याच्या 'थम'मध्ये आणि थडग्याच्या 'टूम'मध्ये तो जसा नुसता लिहायला असतो, तसाच. स्वर मात्र 'टूम'चा आहे, कंगव्याच्या 'कोम'चा नाही. म्हणून एका ओचं, दोन ओचं आणि बांडं, तिन्ही 'कूम'. डब्ल्यूवाल्यात डब्ल्यू हाच स्वर आहे. वेल्समध्ये धावणाऱ्या बसवर बी-डब्ल्यू-एस लिहिलेलं असतं आणि वाचायचं 'बुस'. त्याच चालीवर हा 'कुम', उकार जरा आखूड. पण मराठीत अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा उकार आपण दीर्घच लिहितो, तेव्हा लिहिताना तोही 'कूम'च. इंग्रजीला हा भेद पाळायला चार स्पेलिंगं लागतात, आपल्या शुद्धलेखनाने तो एका फटक्यात मिटवला. तुमच्या संपादकांना एकच रूप हवं होतं, ते मिळालं की! फक्त ते 'कोंब' नाही.

गावांच्या नावांत जरा सांभाळून. शब्द सुटा असेल किंवा नावाच्या सुरुवातीला असेल तर 'कूम' : कूम मार्टिन, कासल कूम. नावाच्या शेवटी चिकटलेला असेल आणि जोर आधीच्या अक्षरावर पडत असेल, तर तो आक्रसून 'कम' होतो. डेव्हनमधलं सॉल्कम, बॅबकम, ब्रॅन्सकम, ग्लॉस्टरशरमधलं विंचकम. डार्टमूरवरचं एक गाव लिहिताना 'वाइडकोंब' दिसतं, पण म्हणतात 'विडिकम'. आणि नियम पाठ होतोय तोवर अपवाद हजर : उत्तर डेव्हनच्या किनाऱ्यावरचं इल्फ्रकूम. तिथे शेवटचा 'कूम' पुरता उच्चारतात. त्यामुळे यादी हाताशी ठेवा आणि एकेक नाव ध्वनिकोशात ऐकून घ्या. अंदाजाने लिहू नका.

नावांचं भाषांतर अर्थातच करायचं नाही. सॉल्कम म्हणजे मिठाची दरी, विडिकम म्हणजे विलोच्या झाडांची, इल्फ्रकूम आल्फ्रेडच्या माणसांची. हे सगळं खरं, पण 'मीठदरी' लिहिलंत तर वाचक नकाशात काय शोधणार? लेखक स्वतः नावाचा अर्थ उलगडत असेल तिथेच तो वाक्यात विणा.

नावांतल्या खोट्या 'कूम'पासूनही जपा. लंडनच्या वायव्येला हाय विकम नावाचं शहर आहे. स्पेलिंगमध्ये एका ओचा कूम ठसठशीत दिसतो, शहर दरीतही आहे, आणि तरी नावात मुळात दरी नाही. ते जुन्या इंग्रजीतल्या 'वस्ती' या अर्थाच्या 'विक' शब्दाचं अनेकवचनी रूप आहे, 'वस्त्यांपाशी' असं. पुढे लिहिणाऱ्यांना त्यात ओळखीचा कूम दिसला आणि त्यांनी स्पेलिंग तसं करून टाकलं. लँकशरच्या किनाऱ्यावरचं मोरकम त्याहून गमतीचं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात तिथल्या किनाऱ्यावर 'मोरिकाम्बे' नावाची खाडी येते. ते नाव अठराव्या शतकात पुस्तकातून उचलून त्या उपसागराला दिलं गेलं. त्यातला 'काम्ब' म्हणजे वाकडा, वळणाचा. कंबरलंडचाही दरीशी संबंध नाही, ते वेल्श लोक स्वतःला जे 'कम्री' म्हणवतात त्यावरून आलं. तुमचा लेखक हौशी व्युत्पत्त्या सांगणारा असेल, तर या तीन नावांपाशी त्याला तपासून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, मराठी शब्दाचा. त्यासाठी कूमचा आकार डोळ्यांपुढे आणावा लागेल. मार्गारेट गेलिंग या विदुषीने (१९२४–२००९) इंग्लंडच्या ग्रामनामांचा उभा जन्म अभ्यास केला. जुन्या इंग्रजीत दरीसाठी बरेच शब्द होते, पण ते एकमेकांच्या जागी चालत नसत, हे तिने दाखवून दिलं. 'डेनू' म्हणजे लांब, अरुंद, दोन बाजूंनी चढ असलेली दरी. 'कुम्ब' म्हणजे आखूड, रुंदट, तीन बाजूंनी चढ असलेली. आपल्या घरातल्या वस्तूंनी सांगायचं तर डेनू ही पन्हळ आणि कूम हे सूप. सूप हातात धरून बघा. मागची कड उंच, दोन बाजू हळूहळू उतरत गेलेल्या, तळ सपाटसर, पुढून मोकळं. डोंगराच्या कुशीत असं एक सूप ठेवलंय आणि त्याचं उघडं तोंड समुद्राकडे किंवा मोठ्या खोऱ्याकडे आहे, हा झाला डेव्हनचा कूम. आत शिरलं की समोर चढ, डावीकडे चढ, उजवीकडे चढ. आल्या वाटेने परत फिरायचं, नाहीतर चढायचं.

हे पाहिलं की आपले शब्द एकेक करून गळतात. 'खोरं' फार मोठं : मोसे खोरं म्हटलं की त्यात नदी आली, पंचवीस गावं आली. 'मावळ' आणि जुन्नरकडची 'नेर', म्हणजे मीननेर, भीमनेर वगैरे, हीसुद्धा आख्ख्या नद्यांची खोरी. 'खिंड' आरपार जाते, कूम जात नाही. 'नाळ' उभी आणि दगडांनी भरलेली. 'घळ' त्यातल्या त्यात जवळची, पण घळ म्हटलं की आपल्याला शिवथरघळ दिसते, अरुंद, ओली, अंधारी. डेव्हनच्या किनाऱ्यालगत दाट झाडीतून समुद्राला उतरणारे काही कूम असे असतात. तिथे 'घळ' खुशाल वापरा. ससेक्सच्या उघड्या गवताळ कूमला मात्र ती चालणार नाही.

आमचं मत असं. डेव्हनच्या पहिल्या प्रकरणात शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सूप दाखवून द्या, उदाहरणार्थ : 'डोंगरात सुपासारखी शिरलेली आखूड दरी, इथे तिला कूम म्हणतात'. पुढे 'कूम' हाच शब्द वापरत राहा, अधूनमधून 'दरी'. लिंग स्त्रीलिंगी धरा. दरी स्त्रीलिंगी आहे आणि यमक जुळणारी 'रूम' मराठीत आधीच स्त्रीलिंगी होऊन बसली आहे. ती कूम, त्या कूम, कूममध्ये, कूमच्या तोंडाशी. 'कुमेत' किंवा 'कुमा' नको, व्याकरणाला चाललं तरी कानाला खुपतं. (वर आम्हीच 'डेव्हनचा कूम' लिहून गेलो. तुमच्या हस्तलिखितातही असं होणार, म्हणून लिंग पहिल्या दिवशी ठरवून भिंतीवर चिकटवा.) मापाचा कूम पुंलिंगी ठेवलात तर मराठीत दोघे आपोआप वेगळे पडतील.

ससेक्सच्या प्रकरणात कूम कोरडी असेल. लेखकाने 'ओढा नसलेली' असं म्हटलं असेल, तर ती चूक नाही. तिथले डोंगर चॉकचे आहेत, फळ्यावरच्या खडूसारखा पांढरा, सच्छिद्र चुनखडक. पाणी पडतं आणि जिरतं, वाहत नाही. मग वाहत्या पाण्यावाचून दरी खोदली कुणी? हिमयुगात इथपर्यंत बर्फाची चादर आली नव्हती, पण जमीन खोलवर गोठलेली होती. गोठलेल्या चॉकमध्ये पाणी जिरायला वाव नाही, त्यामुळे उन्हाळ्यात वितळलेलं पाणी वरून वाहिलं आणि त्याने भुसभुशीत झालेला वरचा थर खरवडून नेला. पुढे हवा तापली, जमीन सुटली, पाणी पुन्हा खाली जिरू लागलं आणि कोरड्या दऱ्या मागे उरल्या. ब्राइटनजवळची 'डेव्हिल्स डाइक' ही यातली सर्वांत नावाजलेली, सुमारे १०० मीटर खोल. नावात 'डाइक' आहे म्हणून तिथे बांध शोधू नका. तो शब्दही असाच बहुरूपी : कुठे चर, कुठे बांध, स्कॉटलंडात दगडी गडगा, आणि भूशास्त्रात खडकात घुसून थिजलेल्या शिलारसाची उभी भिंत. त्याचं प्रकरण पुन्हा कधी.

याच प्रकरणात 'कूम रॉक' आला असेल. भूशास्त्रात तो बहुधा दोन ओ आणि ई घालून लिहितात. हा एकसंध खडक नव्हे. गोठणं-वितळणं चालू असताना उतारावरून घसरत आलेला चॉकचा चिखल आणि त्यात रुतलेल्या गारगोट्या, असा तो दरीच्या तळाशी साचलेला राडा आहे. ब्राइटनच्या ब्लॅक रॉक इथल्या कड्यात जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या थरावर तो रचलेला दिसतो. 'दरीतला खडक' हे भाषांतर इथे साफ चुकेल. 'चॉकचा घसरमाल' किंवा नुसता 'कूम रॉक' आणि खाली एक ओळ.

वेल्समध्ये शिरलात की डब्ल्यूवाला भेटेल आणि इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं. वेल्श माणसाला 'कूम' म्हणजे कुठलीही दरी. दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणींच्या लांबच लांब दऱ्या, त्याही कूम. १९४९ साली नवं शहर म्हणून आखलेलं कूमब्रान हे दरीवरून नाव पडलेलं चांगलं मोठं शहर आहे. पण भूगोलाच्या पुस्तकात डब्ल्यूवाला आला की त्याचा अर्थ आवळून एकच होतो : हिमनदीने डोंगराच्या माथ्याजवळ कोरलेला वाडग्यासारखा खळगा. त्याला आपल्या शाळेच्या पुस्तकांत शब्द आहे, हिमगव्हर. फ्रेंच 'सर्क', स्कॉटिश 'कॉरी', वेल्श 'कूम', तिन्ही म्हणजे हिमगव्हर. कॉरी मुळात गेलिकमधला 'कढई' या अर्थाचा शब्द, तेव्हा भांड्याची कल्पना काही कुणाला सुटलेली नाही.

हिमगव्हर ओळखायचं कसं? उत्तर गोलार्धात बहुधा उत्तर ते पूर्व या अंगाला, जिथे ऊन कमी, तिथे बर्फ साठत जातं. साठलेलं बर्फ मागच्या भिंतीच्या फटींत गोठून दगड उचकटतं, स्वतः गोल फिरल्यासारखं पुढे सरकतं आणि तळ घासून खोल करतं. पुढच्या कडेला जोर कमी पडतो, म्हणून तिथे दगडी उंबरठा शिल्लक राहतो. बर्फ गेलं की उंबरठ्यामागे तळं साठतं. म्हणून लेखकाच्या वर्णनात मागे उभा कडा, मध्ये गोल तळं आणि पुढे दगडी उंबरा असं त्रिकूट दिसलं की बिनधास्त 'हिमगव्हर' लिहा. नुसती दरी, तळाला नदी आणि कडेने घरांच्या रांगा दिसल्या, तर 'दरी' किंवा 'कूम'.

उत्तर वेल्समधलं कूम इद्वाल हे हिमगव्हराचं अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण. १९५४ साली वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून तेच जाहीर झालं. १८३१ च्या ऑगस्टमध्ये तरुण चार्ल्स डार्विन भूशास्त्रज्ञ अॅडम सेजविक यांच्याबरोबर तिथे गेला होता. दोघं जीवाश्म शोधत दगडन् दगड तपासत होते आणि हिमनदीच्या ओरखड्यांवर उभे राहून ते दोघांनाही दिसले नाहीत. अकरा वर्षांनी डार्विन परत गेला, तोवर हिमयुगाची कल्पना मांडली गेली होती. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलं की जळून गेलेलं घरही आपली कहाणी इतकी स्पष्ट सांगणार नाही, जितकी ही दरी सांगते. तुमचा लेखक तिथे गेलाच असेल तर हा प्रसंग सांगितल्याशिवाय राहिला नसेल. त्या वाक्यात कूमचं 'हिमगव्हर' केलंत तर मात्र पंचाईत : १८३१ च्या डार्विनला ते हिमगव्हर आहे हे ठाऊकच नव्हतं. तिथे 'दरी' ठेवा आणि १८४२ च्या भेटीत शब्द बदला.

वेल्समध्ये सी-वाय-एम-ओ-ई आणि पुढे दोन डी असा शब्द दिसला तर घाबरू नका, ते कूमचं वेल्श अनेकवचन, 'कमॉइद'. इंग्रजीत मात्र नुसता एस लावून 'कूम्स' होतं. मराठीत दोन्ही ठिकाणी 'कूम'च.

एव्हरेस्टवर हाच वेल्श शब्द सापडतो याचं कारण जॉर्ज मॅलरी. वेल्सच्या डोंगरांत भरपूर चढाया केलेल्या या ब्रिटिश गिर्यारोहकाने १९२१ च्या पाहणी मोहिमेत ती हिमदरी वरून पाहिली आणि तिला नाव दिलं वेस्टर्न कूम. उत्तरेला एव्हरेस्टचा खांदा, दक्षिणेला नुप्त्से, पूर्वेला ल्होत्सेची भिंत आणि पश्चिमेकडे खुंबू हिमप्रपाताकडे उघडं तोंड. पुन्हा तेच सूप! १९५२ साली स्विस मोहीम तिच्यात पहिल्यांदा शिरली आणि पुढच्या वर्षी तेन्झिंग आणि हिलरी तिथूनच वर गेले. तीन बाजूंच्या हिमभिंतींवरून ऊन परावर्तित होऊन मध्येच गोळा होतं, वारा अडतो, आणि सहा हजार मीटरवर गिर्यारोहक घामाघूम होतात. म्हणजे तिथला उकाडा हा आकाराचाच परिणाम आहे. लेखकाने उकाड्याबद्दल लिहिलं असेल तर 'चूक असेल' म्हणून गाळू नका. हे विशेषनाम, त्यामुळे 'वेस्टर्न कूम' असंच लिहायचं. 'पश्चिम हिमगव्हर' नको आणि यंत्राच्या अनुवादात येतं तसं 'वेस्टर्न सीडब्ल्यूएम' तर नकोच नको.

उरलं स्कॉटलंडचं छत. तिकडे घराच्या जाहिरातींत 'कूम सीलिंग' सर्रास येतं. वरच्या मजल्याची खोली छपराच्या पोटात असते, तेव्हा भिंत निम्म्यावर संपून छत तिरकं उतरत येतं, ते हे. मराठीत 'दोन्हीकडून पाखं उतरलेली माळ्यावरची खोली' म्हणा, झालं. दरीचं नाव काढायचं कारण नाही. आणि ब नसलेला, सी-ओ-ओ-एम एवढाच शब्द कोळशाच्या किंवा चाकाच्या संदर्भात दिसला तर तो वेगळाच आहे : काजळी, कोळशाची भुकटी, आसावरचं काळं वंगण. आयर्लंडमध्ये मात्र ब नसलेला शब्दही दरीचा निघतो. वॉटरफर्डजवळच्या कूमशिंगॉनच्या नावात सी-ओ-यू-एम आहे आणि ते अस्सल तळ्यासकटचं हिमगव्हर आहे.

संपादकांचा 'कोंब' अगदीच निराधार नाही हेही त्यांना सांगा. खाडी ओलांडून फ्रान्समध्ये गेलं की एका ओचा शब्द तसाच्या तसा भेटतो आणि तिथे तो नाकातून 'कोंब' असाच उच्चारतात. जुरा पर्वतात त्याचा अर्थही नेमका आहे : खडकाच्या वलीचा वरचा कणा झिजून त्यावरच उघडलेली लांबट दरी. पण तुमचं पुस्तक फ्रान्सला जात नाही आणि मराठीत कोंब बियाण्याला फुटतो.

त्यांना 'एकच मराठी प्रतिशब्द' हवाच असेल, तर घरचं उदाहरण द्या. तुमच्या नाशकात गोदाघाट आहे आणि मुंबईच्या वाटेवर कसारा घाट आहे. आपला हा 'घाट' इंग्रजीनेही घेतला, त्याची दोन-तीन स्पेलिंगं केली आणि अर्थही तीन ठेवले : डोंगरातली वाट, अख्खी डोंगररांग आणि नदीच्या पायऱ्या. उद्या एखाद्या इंग्रज अनुवादकाच्या संपादकाने 'एकच शब्द धरा' म्हटलं, तर कुंभमेळ्याचे साधू कसाऱ्याच्या वळणावर स्नान करतील.

कामाची पद्धत म्हणाल तर वहीत पाच रकाने आखा : पान, मूळ स्पेलिंग, ठिकाण, शेजारचे दोन-तीन शब्द, आणि मराठीत काय केलं. मूळ फाइलमध्ये शोध घेताना सगळी रूपं वेगवेगळी शोधा, अनेकवचनांसकट, आणि ओळ तुटून मध्ये जोडरेघ आलेलीही. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, निम्म्याहून अधिक निर्णय तिथेच होतात. पाचवा रकाना आधी शिसपेन्सिलने भरा, कारण वेल्सच्या प्रकरणात पोचल्यावर डेव्हनचे दोन-चार निर्णय बदलावे लागतील.

आणि एक. संपादकांच्या सांगण्यावरून तुम्ही आत्तापर्यंत काही पानांत 'कोंब' टाकलाच असेल, तर तो बदलताना 'सगळे बदला' हे बटण दाबू नका. डेव्हनमध्ये शेतघरं आहेत, शेतघरांत कोंबड्या आहेत, आणि त्या बटणाने त्यांच्या क्षणात 'कूमड्या' होतील.